चार आणि चौथा

‘चार’ हा शब्द मोठ्यानं म्हणा आणि लगेच ‘चौथा’ म्हणा. अक्षर तेच, कूळही तेच, पण जीभ दोन वेगळ्या जागी टेकते. ‘चार’ला ती टाळूकडे जाते, ‘चौथा’ला दातांच्या मुळाशी येते. चौदा, चौक, चोवीस, चाळीस ही सगळी मंडळी चौथ्याच्या बाजूची. चार एकटा पलीकडे. पहिलीपासून आपण ‘च’ हे एकच अक्षर गिरवत आलो. त्याच्या पोटात दोन आवाज आहेत हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगावं लागतही नाही. ‘चिमणीची चोच’ म्हणताना पहिले दोन च टाळूवरचे आणि पुढचे दोन दातांजवळचे, हे मराठी घरात वाढलेला माणूस झोपेतही चुकत नाही.

व्याकरणाची पुस्तकं पहिल्याला तालव्य आणि दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात. आपण इथे चिमणीतला च आणि चाकातला च म्हणू. तेवढ्यानं काम भागतं. ज आणि झ यांचीही अशीच दोन-दोन रूपं आहेत: जीभ आणि जाळं, झिम्मा आणि झाड. छ मात्र एकटाच. तो एकटा का पडला, त्याची हकीकत पुढे येईलच.

भाषाविज्ञानाच्या वर्गात सुरुवातीलाच विचारतात तो प्रश्न असा: हे खरोखर दोन आवाज आहेत, की एकाच आवाजाच्या दोन छटा? कसोटी सोपी आहे. बाकी सगळं तसंच ठेवून तेवढा एक आवाज बदलला आणि अर्थ बदलला, तर आवाज वेगळे. अशा अर्थ बदलणाऱ्या आवाजाला स्वनिम म्हणतात. आता ‘चार गुरं’ आणि ‘गुरं चार’ हे दोन्ही म्हणून पाहा. पहिल्यात मोजणी आहे, दुसऱ्यात गुराख्याला दिलेला हुकूम. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’. बीजगणितातली चल राशी आणि ‘चल, निघू या’. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा. कागदावर या जोड्यांत काडीचा फरक नाही. कानाला मात्र एकदाही गोंधळ होत नाही. म्हणजे मराठीत आवाज जास्त आणि अक्षरं कमी आहेत.

यात लिपीचा दोष काढण्यात अर्थ नाही. माणूस हजारो पिढ्या बोलत होता. लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. आजही जगातल्या सुमारे सात हजार भाषांपैकी कितीतरी भाषांना स्वतःची म्हणावी अशी लिहिण्याची परंपरा नाही, आणि त्यामुळे त्या कमी भाषा ठरत नाहीत. देवनागरीतली वर्णमाला संस्कृतच्या हिशेबानं बेतलेली आहे. संस्कृतला एक च पुरत होता. मराठीनं वर्णमाला जशीच्या तशी घेतली आणि जादा आवाज जुन्याच अक्षरांत कोंबले.

आता त्या कोंबलेल्या आवाजांत काही शिस्त आहे का ते पाहू. ‘त्याचा’ म्हणताना चाकातला च. ‘त्याची’, ‘त्याचे’, ‘त्याच्या’ म्हणताना चिमणीतला. आणि आपण बोलताना ‘त्याचे घर’ऐवजी ‘त्याचं घर’ म्हणतो, तेव्हा पुन्हा चाकातला! शेवटचा स्वर ए होता तोवर च टाळूवर होता. बोलीत ए जाऊन अ आला आणि च आपोआप दाताशी सरकला. ‘माझे’ आणि ‘माझं’ यांतही तेच. ‘लाच’ घेतली तेव्हा चाकातला च. पण ‘लाचेची’ रक्कम जप्त झाली की दोन्ही च चिमणीतले. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात दोन्ही नांदतात आणि ‘चिंचेची’ म्हणताच सगळे टाळूवर जातात. इ, ई, ए, य यांच्या आधी चिमणीतला, बाकी स्वरांच्या आधी चाकातला, असा हा मुळातला नियम.

नियम पाठांतरातून आलेला नाही याचा पुरावा हवा असेल तर एखादा शब्द बनवून पाहावा. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेनं लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिलं आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. मुलांनी कधी न ऐकलेल्या शब्दाचंही अनेकवचन बरोबर केलं. मराठीत ‘गोंच’ नावाची वस्तू नाही. पण असती, तर चार वर्षांचं पोर ‘गोंच’ म्हणताना दाताशी आणि ‘गोंचेवर’ म्हणताना टाळूशी जीभ नेईल, यावर मी पैज लावायला तयार आहे. भाषा येणं म्हणजे शब्दांचा साठा असणं अशी समजूत असते. साठ्यापेक्षा हे न शिकवलेले नियम जास्त आहेत.

नियमामागचं कारणही तोंडातच आहे. इ म्हणायची तयारी म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलणं. पुढे इ यायची असेल तर च म्हणतानाच जीभ वर गेलेली असते. पुढे अ, आ, उ, ओ असेल तर उचलण्याची गरज नाही. जीभ सैल राहते आणि तिचं टोक पुढे दाताच्या मुळाशी टेकतं. हीच हालचाल मराठीत आणखी एका ठिकाणी होते, आणि तिथे ती चक्क लिहूनही दाखवतात: पैसा, पण पैशाला, ससा, पण सशाचं पिल्लू, घसा, पण घशात. या रूपांत आधी ‘स्या’ होता. य आला आणि स टाळूकडे जाऊन श झाला. ‘मोजा’ आणि ‘मोज्यात’ यांतही हाच प्रकार, फक्त तिथे ज बदलतो आणि अक्षर बदलत नाही, म्हणून डोळ्यांना कळत नाही.

आता छ. हिंदीतले काही शब्द घ्या आणि शेजारी मराठी ठेवा. छुरी, सुरी. छाल, साल. कछुआ, कासव. बछड़ा, वासरू. पूछना, पुसणे. मछली, मासा. हिंदीत जिथे छ, तिथे मराठीत स. हा योगायोग असता तर दोन-चार शब्दांत संपला असता. आणि हिंदी छींक म्हणते तिथे मराठी काय म्हणते? शिंक. स नाही, श. कारण पुढे इ आहे. मत्स्याचा प्राकृतात मच्छ झाला आणि मराठीत मासा. मक्षिकेची प्राकृतात मच्छिआ झाली आणि मराठीत माशी. आ पुढे असला की दाताजवळचा स, ई पुढे असली की टाळूवरचा श. म्हणजे च, ज, झ यांना ज्या ओढीनं दाताकडे खेचलं त्याच ओढीत छही सापडला, फक्त तो आणखी घासला गेला आणि त्याचा छपणाच गेला. आज मराठीत छत्री, छाप, छंद असे छ-चे शब्द दिसतात ते बहुतेक संस्कृतातून किंवा शेजाऱ्यांकडून नंतर आलेले. मला विचाराल तर सगळ्या ऐतिहासिक भाषाविज्ञानात ही गोष्ट सर्वांत सुखद आहे: शब्द एकेकटे बदलत नाहीत, आवाज बदलतो आणि तो ज्या-ज्या शब्दात असेल त्या सगळ्यांना घेऊन जातो. व्युत्पत्ती सांगताना ‘हा शब्द त्या शब्दासारखा ऐकू येतो’ एवढ्यावर भागवणारे महाभाग आपल्याकडे खूप. त्यांनी दोन आवाजांमधला असा नेम दाखवावा, मग बोलावं.

पण नियम इतका पक्का असेल तर ‘चंद्र’ आणि ‘चरण’ टाळूवर कसे? पुढे अ आहे. जीभ दाताशी यायला हवी होती. उत्तर त्या शब्दांच्या प्रवासात आहे. चक्र हा शब्द लोकांच्या तोंडी प्राकृतातून झिजत आला आणि त्याचं ‘चाक’ झालं, दाताजवळच्या च-चं. नंतर पंडितांनी पोथीतून ‘चक्र’ पुन्हा उचललं, त्याच्या संस्कृत उच्चारासकट. चर्म पोथीतलं, चामडं बाजारातलं. चूर्ण वैद्याचं, चुरा लाडवाचा. जन आणि दहा जण. जल आणि जळ: जलसंपदा खात्यातला ज जिलबीतला, जळगावातला ज जाळ्यातला. चरण पूज्य, आणि गुरं चरणं रोजचं. म्हणजे मराठी बोलणाऱ्याच्या जिभेवर एक नकळत नोंदवही आहे: हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरून आला की पुस्तकातून थेट आला, ते ती एका आवाजात सांगते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत, प्राकृत आणि आजच्या भाषा यांची साखळी मांडली; पुढे झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९२० साली पॅरिसमध्ये निघाला. या लोकांनी शब्दांच्या याद्या करून जे हुडकलं त्याचा अर्धा पुरावा आपण रोज तोंडानं देत असतो.

एका जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. विदर्भातला चांदा. लोक तो चाकातल्या च-नं म्हणत आले, आणि ‘चांदा ते बांदा’ या वाक्प्रचारात तो अजून तसाच आहे. १९६० च्या दशकात सरकारदरबारी त्याचं चंद्रपूर झालं. कागदावर पहिलं अक्षर ‘च’च राहिलं, पण उच्चार दातावरून टाळूवर गेला. जो च झिजत खाली आला होता तो राजपत्रानं पुन्हा वर चढवला.

आता चार आणि चौथा यांचं कोडं. चार हा पोथीतला शब्द नव्हे. संस्कृतातलं रूप ‘चत्वारि’. तरी तो टाळूवर. जुन्या मराठीत हा शब्द ‘च्यारि’ असा लिहिलेला सापडतो, आणि तिथेच उत्तर आहे. मध्ये य होता. य-नं जीभ वर नेली, मग य विरून गेला, पण जीभ तिथेच राहिली. चौथा, चौदा यांत य कधी नव्हताच, म्हणून ते दाताशी आले. ‘चहा’चंही तसंच: पुढे अ असूनही त्यातला च चिमणीतला आणि गावाकडे तर सरळ ‘च्या’ म्हणतात, य-सकट. चिनी ‘चा’ कितीतरी तोंडांतून फिरत आपल्याकडे आला. शब्दातून एखादा आवाज नाहीसा होतो, पण शेजाऱ्यावर खूण ठेवून जातो. भाषेचा इतिहास लिहिणारे अशाच खुणांवर जगतात.

फारसी आली तेव्हा या दोन आवाजांचा मराठीला फायदाच झाला. फारसीतला झेडसारखा आवाज संस्कृतात नव्हता. हिंदीवाल्यांना त्यासाठी ज-खाली नुक्ता द्यावा लागला. मराठीच्या तोंडात जवळपासचा आवाज आधीच तयार होता, म्हणून जमीन, हजार, बाजार, जोर, जखम हे शब्द जाळ्यातल्या ज-मध्ये बसले आणि नुक्त्याची आठवणही झाली नाही. चाकर तर इतका घरचा झाला की त्याचा च दाताशी आला आणि कोकणात त्याचा चाकरमानी झाला. इंग्रजीच्या वेळी मात्र वागणं बदललं. झेरॉक्स, झूम यांना आपण झ दिला, ज दिला नाही. आणि चार्जर, चॉकलेट, चॅनेल यांतला च पुढचा स्वर न बघता टाळूवरच ठेवला. काच आणि मॅच हे शब्द एकापाठोपाठ म्हणा: शेवटचे च वेगळे. जो नियम चाकरला लागू झाला तो चार्जरला लागत नाही. तोवर दोन्ही च इतके वेगळे झाले होते की मराठी कान त्यांना एकाच्या दोन छटा मानायला तयार नव्हता. छटांचे स्वनिम होतात ते असे. एखाद्या दिवशी नव्हे, उसन्या शब्दांच्या गर्दीतून हळूहळू.

हिंदीत हा दाताजवळचा च नाही. तेलुगूत आहे, आणि बराचसा याच नियमानं: ‘चिन्न’ म्हणजे लहान, त्यात टाळूवरचा; ‘चाला’ म्हणजे पुष्कळ, त्यात दातावरचा. मराठी आर्य कुळातली, तेलुगू द्राविड कुळातली. पण घरं लागून आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडे बाजारात दोन्ही भाषा एकाच टोपलीवर घासाघीस करतात. कुळाबाहेरच्या शेजाऱ्याशी असं सारखेपण येणं भारतात नवं नाही. मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असं मांडलं ते अशाच, कुळं ओलांडणाऱ्या साम्यांवरून.

इथवर आपण च-ला मूळ धरून चाललो. पण हा च तरी आला कुठून? १७८६ च्या फेब्रुवारीत कोलकात्याला विल्यम जोन्सनी एशियाटिक सोसायटीत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच लुप्त मुळातून निघाल्या असाव्यात. त्यानंतर बराच काळ युरोपातले पंडित धरून चालले की या बहिणींत संस्कृतच सर्वांत जुन्या वळणाची. १८७० च्या दशकात ते गृहीत एका जागी ढासळलं, आणि ते ढासळायला कारण झाला आपला च. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे. पञ्च लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’. जिथे संस्कृतात च, तिथे तिकडे क-सारखा आवाज; आणि त्याच्या पुढे ए-इ-सारखा स्वर. मग उलगडलं: मुळात क होता, पुढच्या ए-नं तो टाळूकडे ओढून च केला, आणि त्यानंतर संस्कृतनं तो ए बदलून अ करून टाकला. कारण गेलं, परिणाम राहिला. च्यारि आणि चार यांची गोष्ट, तीन-चार हजार वर्षं आधी! अनेक अभ्यासकांना हे जवळपास एकाच वेळी सुचलं. त्यांत विशीतला फर्दिनां द सोस्यूर होता, जो पुढे जिनीव्हात संस्कृत शिकवत राहिला आणि ज्याच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून, त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया मानलं जाणारं पुस्तक निघालं.

चक्र या शब्दात ही घटना गोठलेली आहे. मूळ शब्दात दोन्ही जागी क-सारखेच आवाज होते. पहिल्यापुढे ए होता, तो च झाला. दुसऱ्यापुढे व्यंजन होतं, तो क राहिला. ग्रीकमध्ये त्याच शब्दाचं ‘क्यूक्लोस’ झालं, आणि त्यावरून सायकल. ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो, एकदा ग्रीसमार्गे आणि एकदा प्राकृतमार्गे.

पाणिनीला हा इतिहास ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. पचन आणि पाक, योजना आणि योग, भोजन आणि भोग, वाचन आणि वाक्य यांतलं नातं त्यानं हेरलं आणि अमुक प्रत्ययांपुढे च-ज चे क-ग होतात असा नियम बांधला. इतिहासाच्या दृष्टीनं दिशा उलटी आहे: क आधी, च नंतर. तरी पाणिनीचा नियम चूक ठरत नाही. तो सांगत होता बोलणाऱ्याच्या डोक्यात भाषा आज कशी चालते; एकोणिसाव्या शतकातले लोक सांगत होते ती इथवर कशी आली. भाषेकडे पाहण्याच्या या दोन रीती आहेत, आणि एकीचं उत्तर दुसरीच्या प्रश्नाला दिलं की वाद सुरू होतात. आपल्याकडचे शुद्धलेखनाचे निम्मे वाद याच जातीचे.

आणि शेवटी मराठी माणसाचा सर्वांत लाडका च: मीच, तूच, आत्ताच, नाहीच. ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ असा येतो. त्याच्या मागे प्राकृतातले ‘च्चिअ’, ‘च्चेअ’, आणि त्यांच्यामागे संस्कृत ‘चैव’, असं अभ्यासक मानतात. म्हणजे त्यात तोच लॅटिन क्वे-चा भाऊ दडला आहे. ‘चि’ होता तोवर पुढच्या इ-मुळे जीभ वर जात असणार. इ गळली आणि आजचा ‘मीच’ चाकातल्या च-वर येऊन थांबला. दख्खनी हिंदीनं हा च मराठीकडून उचलला. हैदराबादेत ‘ऐसाइच’, ‘अभीच’ सर्रास ऐकू येतं, मुंबईच्या हिंदीतही. मात्र तिथे तो नेहमी टाळूवरचा असतो; दख्खनीकडे दुसरा च नाहीच.